रद्द झालेल्या सात तबकड्या

माझ्याकडे सात तबकड्या आहेत. सातही अमेरिकेतल्या काळ्या वादकांच्या. प्रत्येकीच्या मधल्या गोल कागदावर एका परदेशी वाचनालयाचा जांभळा शिक्का आहे, की ही वस्तू आता संग्रहातून रद्द झाली. हिंगोलीपासून नांदेडपर्यंत असलं संगीत दुसऱ्या कोणाकडे असेल असं मला वाटत नाही. एके काळी मी हे छाती काढून सांगायचो. आता कोणी विचारलं तर विषय बदलतो. का बदलतो, ते एकदा लिहून टाकायचं आहे.

मी पत्रकांवर वाढलो. आमच्या घरी पुस्तक नव्हतं. वडील सभेला गेले की येताना पत्रक आणायचे आणि मला उभं करून मोठ्याने वाचायला लावायचे. त्यामुळे मला मनातल्या मनात वाचताच येत नाही असं आई म्हणते, आणि ते खरं आहे. अठराव्या वर्षी मी स्वतः पत्रकं लिहायला लागलो. कळमनुरीच्या आमच्या वस्तीत आणि आसपासच्या खेड्यांत बाजाराच्या दिवशी ती वाटायचो. हिंगोलीत एक सायक्लोस्टाइलवाला होता, सकाळी मजकूर दिला की दुपारपर्यंत प्रती काढून द्यायचा. आणीबाणी लागली आणि पोलीस एकदा त्याच्या दुकानात नुसता चहा पिऊन गेले. पुढच्या आठवड्यात मी गेलो तर यंत्रावर चादर टाकलेली. लग्नपत्रिका असेल तर सांगा, मास्तर, म्हणाला.

मास्तर म्हणजे मी. एका खासगी शाळेत तात्पुरता भूगोल शिकवत होतो.

त्याच पावसाळ्यात नोकरीच्या मुलाखतीसाठी सिकंदराबादला गेलो. नोकरी मिळाली नाही. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून रविवारच्या फुटपाथ बाजारात हिंडत होतो. जुनी घड्याळं, बूट, चहाचे सेट, आणि एका चटईवर रेकॉर्डांचा ढीग. सगळ्यात वरच्या कव्हरावर एक गडद काळा माणूस होता. डोळे मिटलेले, गाल फुगलेले, तोंडात वाकड्या नळीचा पितळी वाजा. मी तो फोटो बघत उभा राहिलो. कव्हराच्या मागे बारीक अक्षरात इंग्रजी मजकूर होता. माझं इंग्रजी पत्रकापुरतं, पण गुलामी, झगडा, आमचा आवाज हे शब्द कळले. मला तेवढे पुरले.

विक्रेत्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "ले जाओ मियाँ," तो म्हणाला. "इसमें गाना नै, नाच नै. दो आदमी बाजे में झगड़ रहे, बस."

त्या दिवशी तीन घेतल्या. दिवाळीच्या सुटीत पुन्हा गेलो तर त्याने उरलेल्या चार बाजूला काढून ठेवल्या होत्या. तुमच्याशिवाय कोणी हात लावत नाही, म्हणाला.

याला जॅझ म्हणतात. आणि जॅझमधलंही हे सगळ्यात नवं, सगळ्यात आडमुठं. ठरलेली चाल नाही, ठेका धरावा तर तो हातातून निसटतो. एका तबकडीवर दोन ढोलवाले एकमेकांना जुमानत नव्हते. एकीवर मधेच घंटा, शिट्या, लहान मुलांची खेळणी वाजायची. एकीच्या एका अख्ख्या बाजूवर एकटा माणूस वीस-बावीस मिनिटं तोच पितळी वाजा वाजवत होता, सोबतीला कोणीच नाही.

खरं सांगायचं तर मला ते आवडलं नाही. पण आवडून घ्यायचं मी ठरवलं. ज्यांना माणूस मानलं नाही त्यांनी हे वाजवलं होतं, म्हणजे ते आमचंच होतं. जे आमचं आहे ते न आवडून कसं चालेल?

ऐकायचं यंत्र मिळालं ते आमच्या गावच्या लाऊडस्पीकरवाल्या चाचांकडून. लग्नांत भोंगे लावणं हा त्यांचा धंदा. सुटकेससारखा उघडणारा, सेलवर चालणारा एक जुना प्लेअर त्यांच्या दुकानात धूळ खात पडला होता. त्यांनी सुई बदलली, पट्टा बदलला आणि पहिली तबकडी स्वतः लावून पाहिली. मिनिटभराने त्यांनी सुई उचलून फुंकली, पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, यंत्र ठीक आहे, मास्तर, तुमच्या माणसालाच काहीतरी झालं आहे.

आमच्या वस्तीच्या बुद्धविहारात रविवारी अभ्यासवर्ग चालायचा. आम्ही पाच तरुण. पत्रकं बंद झाली होती म्हणून मी तबकड्या न्यायला लागलो. आम्ही काय करायचो ते आज सांगायला लाज वाटते. आधी कव्हराचा मागचा मजकूर शब्दकोश घेऊन मराठी करायचा. मग त्यावर तासभर चर्चा करायची. हा वादक व्यवस्थेला नकार कसा देतो, चाल मोडणं म्हणजे चौकट मोडणं कसं, हे ठरवून घ्यायचं. आणि शेवटी तबकडी लावायची ती आपलं बरोबर होतं हे तपासायला. ती नेहमी आमच्याशी सहमत व्हायची. सूर किंचाळला की आम्ही एकमेकांकडे बघून मान हलवायचो. विहाराशेजारच्या मावशी एकदा दारात येऊन उभ्या राहिल्या आणि विचारलं, "कोणाची शेळी अडली का रं, मास्तर?" आम्ही हसलो नाही. अज्ञान आहे, असं आमच्यातला एक जण म्हणाला, आणि मी ते वहीत लिहून घेतलं.

महिनाभरात पाचाचे तीन झालो, मग मी एकटा. मला वाईट वाटलं नाही. तबकड्या शाळेच्या जुन्या नकाशाच्या कापडात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत उभ्या ठेवायचो आणि खोलीवर एकटाच ऐकायचो.

बाजाराच्या दिवशी माझे मामा यायचे. आईचे थोरले भाऊ. त्यांचं गाव कळमनुरीपासून दोन कोसांवर. बाजार उरकला की गाडी येईपर्यंत ते माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर बसायचे, चहा घ्यायचे आणि निघून जायचे. आमच्यात पाच वर्षांपासून बोलणं असं नव्हतंच. त्याचं कारण पुढे येईल.

त्या दिवशी मी चाचणीचे पेपर तपासत होतो आणि एकट्या माणसाची ती बाजू लावली होती. मामा आले, पिशवी ठेवली, बसले. हे कोण आहे, असं त्यांनी विचारलं. मी पेपर बाजूला सारले. जहाजांतून आणलेली माणसं, कापसाचे मळे, चाबूक, वेगळे नळ, वेगळ्या शाळा, सगळं सांगायला लागलो. मला असं सांगायला फार येतं. मागे तबकडी चालूच होती.

मामांनी हात वर केला.

"थांब जरा," ते म्हणाले. "ह्यो दम कुठं घेऊन राहिला?"

मला प्रश्नच कळला नाही. मामा मान तिरपी करून ऐकत होते. एक सूर लांबत चालला होता, मधेच फाटत होता, पुन्हा जुळत होता, पण तुटत नव्हता. मामांनी स्वतःचे गाल फुगवले आणि नाकाने बारीक श्वास ओढून दाखवला.

"नाकातून घेऊन राहिला. गालात साठवून ठिवतो अन् तिकडून सोडतो. आमच्या बापानं मला सहा महिने हेच शिकवलं. बोरूची नळी तांब्यात बुडवायची अन् फुकत बसायचं. बुडबुडा थांबला का पाठीत धपाटा."

मग ते थोडे पुढे सरकले. तो रडतो आहे असं मी कव्हर वाचून ठरवलं होतं आणि अभ्यासवर्गात तसं सांगितलंही होतं. मामा म्हणाले, रडत वगैरे नाही, वाज्याच्या तोंडची पत्ती ओठात अशी दाबली की एकाच नळीतून दोन सूर येतात, ते धरून ठेवायला छाती लागते, हा हसून राहिला असेल मनात. आणि त्याची पत्ती जरा कोरडी आहे, सुरुवातीलाच ओली करायला पाहिजे होती. हे सगळं ते सहज बोलत होते, शेजारच्या शिवारातल्या कोणाबद्दल बोलावं तसे. सात तबकड्यांवर मी सहा महिने घालवले होते. त्यांच्यात माणूस श्वास घेतो हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

बाजू संपली. मामांनी पुन्हा लावायला सांगितली. गाडी चुकली तरी ते उठले नाहीत. दुसऱ्यांदा संपल्यावर त्यांनी विचारलं, त्या लोकांनाही वाजवायला उभं करायचे का दारात?

मी म्हणालो, व्हय. गोऱ्यांच्या मैफिलीत वाजवायचं आणि मागच्या दाराने जायचं, समोरच्या दाराने नाही. कव्हरावरच लिहिलं आहे.

मामांनी कव्हर हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. मग म्हणाले, "तरी त्येंनी वाजा ठिवला. मंग आमाला काहून जाळाया लावलं रं?"

त्याचं उत्तर माझ्याकडे असायला हवं होतं, कारण जाळायला लावणारा मीच होतो.

आमच्या काही घरांकडे पिढ्यान् पिढ्या वाजंत्र्याचं काम होतं. मामांच्या घरी सनई. पाटलाच्या घरी लग्न निघालं की बोलावणं यायचं, आणि त्याला नाही म्हणता येत नसे. वरातीपुढे अनवाणी चालायचं, मांडवाच्या बाहेर उभं राहून दिवसभर फुंकायचं, आणि सगळ्या पंगती उठल्यावर बाहेरच, मातीत बसून जेवायचं. धर्म बदलल्यावर आमच्या लोकांनी हे काम सोडलं. कोणी लगेच सोडलं, कोणी रेंगाळत. मी कॉलेजातून परतलो तेव्हा दोन-चार गावांत अजून चालू होतं. मी पत्रक लिहिलं, की ही वाद्यं गुलामीची आहेत, घरात ठेवणंसुद्धा गुलामी आहे. पत्रक फार गाजलं. गावोगावच्या तरुणांनी वाद्यं गोळा केली आणि एका दुपारी नदीच्या वाळूत त्यांची होळी केली. डफ, संबळ, सनईच्या साथीचे सूर, सनया.

दारात उभं राहून वाजवणं सोडलं ते बरोबरच केलं, हे मी आजही म्हणतो. त्यातला एक शब्द मागे घेणार नाही.

पण मामांनी वाजवणं आधीच सोडलं होतं. बोलावण्याला नकार दिला म्हणून पाटलाच्या माणसांनी त्यांना एकदा मारलंही होतं. त्यांची सनई कोणाच्या दारात नव्हती, ज्वारीच्या कणगीत होती. वर्षातून दोनदा काढून ते तिला तेल लावायचे आणि परत ठेवायचे. हे फक्त आमच्या घरातल्यांना माहीत होतं. होळीच्या दिवशी त्यांच्या गावातल्या पोरांनी मला विचारलं, तुझ्या मामाचं काय? नेत्याच्या घरचं राहिलं आणि बाकीच्यांचं जाळलं, असं होता कामा नये, हे तत्त्व मला एकदम पटलं. मी स्वतः कणगीत हात घातला. कोपरापर्यंत दाणे लागले. मामी मधे आली, तिला मामांनीच बाजूला घेतलं. ते काही बोलले नाहीत. पुढे दुष्काळ आला, मामा खडी फोडायला गेले, आणि आमच्यात ते न बोलणं तसंच राहिलं.

म्हणून त्यांच्या प्रश्नावर मी तबकडी उचलून कापडात गुंडाळायला लागलो. मामांनीही रेटला नाही.

त्यानंतर ते दर बाजाराला यायचे. लवकर यायचे. सातही तबकड्या त्यांनी ऐकल्या आणि त्यांतल्या चार सरळ नापास केल्या. दोन ढोलवाल्यांना ते म्हणाले, ह्येंचं भांडण मिटलं का बोलवा मला. घंटा आणि खेळण्यांची तबकडी ऐकून त्यांना जत्रा आठवली आणि ते पोट धरून हसले. मी म्हणालो, मामा, हे गंभीर आहे. ते म्हणाले, असू दे की, गंभीर माणसानं पिपाणी वाजवू नये का? त्या खोलीत त्या तबकड्या पहिल्यांदा कोणीतरी नुसत्या ऐकत होतं. एकट्या माणसाची बाजू मात्र दर वेळी व्हायचीच. ऐकताना मामांची बोटं गुडघ्यावर उघडमीट करायची.

फाल्गुनात एकदा ते आले तेव्हा काखेत टॉवेलात गुंडाळलेली सनई होती. वारंगा फाट्याला एक बँडवाला होता, त्यांचा जुना ओळखीचा, मातंग समाजातला. त्याच्याकडून उसनी आणली होती. मामांनी ती वाजवली नाही, नुसती दाखवली. मग जे बोलायचं ठरवून आले होते ते बोलले. जयंतीची मिरवणूक निघते तेव्हा विहाराच्या दारात, आपल्याच लोकांपुढे, एकदा वाजवायचं आहे. पैसा नको, नारळ नको, फेटा नको. पाटलाच्या दारात आयुष्यभर वाजवलं, आपल्या दारात एकदाही वाजवलं नाही. समितीने हो म्हणायला हवं. आणि समितीला पटवून देईल असा माणूस एकच आहे.

मी म्हणालो, मामा, मी असं निवेदन लिहितो की त्यांना नाही म्हणताच येणार नाही.

"लिहू नगं," मामा म्हणाले. "तू लिहितोस तवा आमी समदे वाचतो. ह्या टायमाला उठून उभा ऱ्हा अन् तोंडानं बोल. म्हण, ते जाळलं ते माझं चुकलं. एवढंच म्हण."

मी हो म्हणालो. त्यांच्या हातावर हात ठेवून हो म्हणालो.

जयंती समितीची बैठक विहारात भरली. अध्यक्ष आमच्याच समाजातले, निवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांच्यामुळे वस्तीतली निम्मी पोरं शिकली, मीसुद्धा. मिरवणुकीला पोलिसांची परवानगी मिळणं त्या वर्षी अवघड होतं, ती त्यांनी मिळवली होती. मामा सगळ्यांच्या मागे, चपलांजवळ, टॉवेल मांडीवर घेऊन बसले होते.

मी हुशारी केली. आधी तबकड्यांचा विषय काढला. अमेरिकेतल्या आपल्यासारख्यांचं संगीत मिरवणुकीत भोंग्यावर वाजावं, असं सुचवलं. काळ्यांचं वाजवणं मान्य झालं की मामांचं आपोआप मान्य होईल, असा माझा हिशेब. मुद्दे क्रमाने मांडले की माणसं क्रमाने येतात, असं पत्रकं लिहिणाऱ्याला वाटत असतं. मी दहा मिनिटं बोललो आणि चांगलं बोललो. गुरुजी खूश झाले. जगातल्या दडपलेल्या माणसांचा आवाज आपल्या कळमनुरीत, असं ते म्हणाले आणि ठराव मंजूर झाला. कोणी एक सूरही ऐकला नव्हता.

मग मी मामांचं नाव घेतलं. वाजवायची इच्छा आहे, एवढंच म्हणालो.

खोली एकदम बदलली. एक जण म्हणाला, आज आपल्या दारात वाजवतील, उद्या पाटील म्हणेल, तुमच्यात वाजंत्री आहेत की, पाठवा. दुसरा म्हणाला, ज्यांनी आपली वाद्यं जाळली त्यांना काय तोंड दाखवायचं? यातलं काहीच खोटं नव्हतं. गुरुजींनी पिशवीतून फाईल काढली. माझं प्रत्येक पत्रक ते जपून ठेवत. त्यांनी ते पत्रक काढलं आणि सावकाश वाचलं, की जो गुलामीचं वाद्य घरात ठेवतो, तो आपल्या लेकरांना पुन्हा त्याच दारात नेऊन उभं करतो. वाचताना त्यांच्या आवाजात अभिमान होता. आपल्या विद्यार्थ्याचं वाक्य होतं.

"हे तूच लिहिलंस ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग आज काय म्हणतोस?"

उठून उभं राहायचं होतं. पाच शब्द बोलायचे होते. मला चपलांकडून येणारी नजर पाठीवर कळत होती. आणि मला त्या वेळी काय वाटलं ते सांगतो. मला वाटलं, आज मी चुकलो म्हटलं तर उद्या माझ्या कुठल्या पत्रकावर कोण विश्वास ठेवेल?

"तो मुद्दा वेगळा आहे, गुरुजी," मी बसल्या बसल्या म्हणालो.

गुरुजींनी मान हलवली आणि पुढचा विषय घेतला. पाण्याच्या टाकीचा होता.

बाहेर आल्यावर मामा चपला घालत होते. मी काहीतरी पुटपुटायला लागलो, तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बराबर हाय," ते म्हणाले. "तुला लई तकलीफ झाली असंल." त्यांनी शिवी दिली असती तर मला इतकं लागलं नसतं.

जयंतीला चाचांनी विहारासमोर दोन भोंगे बांधले. मिरवणूक निघायच्या आधी गुरुजींनी माझं नाव घेऊन माहिती सांगितली आणि तबकडी लागली. मी एकट्या माणसाचीच दिली होती. का दिली, मला सांगता येत नाही. भोंग्यातून तो आवाज पत्र्यावर खिळा ओढावा तसा आला. पांढऱ्या साड्यांतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. लहान मुलांनी कानांवर हात ठेवून नाचायला सुरुवात केली. कोणीतरी चाचांना ओरडून सांगितलं, बॅटरी उतरली का बघा. कोणालाही राग आला नाही. सगळे समजूतदारपणे वाट बघत होते की ते कधी थांबेल. तीन मिनिटांनी गुरुजींनी चाचांना हळूच खूण केली.

मामा भोंग्याच्या खांबाला टेकून उभे होते. ते चाचांना म्हणाले, "काढू नगा. आत्ता कुठं लागलाय त्येचा सूर."

चाचांनी काढली. नेहमीची गाणी लागली, ढोलताशाची गाडी पुढे झाली आणि मिरवणूक निघाली. तो ताशा शहरातून भाड्याने आणला होता. त्याबद्दल कोणी ठराव मांडला नव्हता.

त्यानंतर मामा बाजाराच्या दिवशी आले नाहीत. दोन-चार आठवडे मी पाणी आधीच चुलीवर ठेवायचो. मग आईकडून कळलं की ते वारंगा फाट्याच्या बँडमध्ये लागले. सनई परत करायला गेले होते, बँडवाल्याने थांबवून घेतलं. समितीला कळल्यावर त्यांच्या घरी जाणं-येणं बंद झालं. तसा ठराव झाला नाही, लोकांनी आपलं आपण ठरवलं. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नाला त्यांना बोलावणं गेलं नाही. आईने माझ्याकडे पाहिलं, आणि मी तेव्हाही बसूनच होतो.

लग्नसराईच्या शेवटी मी वारंग्याला गेलो. पिशवीत ती एक तबकडी नकाशाच्या कापडात गुंडाळून घेतली होती. द्यायची असं ठरवलं होतं. फाट्यावरच्या हॉटेलात विचारलं, तर मागच्या वावरात मांडव आहे, बँड तिथेच असेल, असं सांगितलं. कुणा मोठ्या शेतकऱ्याच्या घरचं लग्न होतं. मांडवात पंगत बसली होती. बँडवाले बाहेर, कडब्याच्या गंजीच्या सावलीला. मामांच्या अंगात बँडचा लाल कोट होता, खांद्यांवर सोनेरी झालर, आणि खाली धोतर. मला बघून ते उठले. खूश झाले, खरंच झाले.

मी तबकडी पुढे केली. त्यांनी कापड सोडून कव्हर पाहिलं, फुगलेल्या गालांवरून अंगठा फिरवला आणि परत दिली.

"तूच ठिव," ते म्हणाले. "वाजवाया मिळत न्हवतं म्हणून मी ऐकत बसायचो, लेकरा. आता मी वाजवून राहिलो ना."

मी म्हणालो, मामा, चला. पुढच्या बैठकीत मी बोलतो. या वेळी उठून बोलतो. मामा हसले. त्यांच्या वरच्या दातांतले दोन पडले होते. बोल की, म्हणाले, तुला कोणी अडवलं आहे? पण मला आता तिकडं ओढू नकोस. इथं फुंकतो, पोटापुरतं मिळतं, आणि कोणी मला वाचून दाखवत नाही.

मांडवातून कोणीतरी हाक मारली, "ए वाजंत्री, बसा रे जेवायला." पत्रावळी बाहेरच आल्या. बँडवाले मातीत ओळीने बसले. मामांनी लाल कोट काढून घडी करून मांडीवर ठेवला आणि शेजारची जागा हाताने झाडली.

"बस," ते म्हणाले. "उपाशी जाऊ नगं. बुंदी हाय."

अशा दारात, अशा जागी, बाहेरच्या पंगतीला बसायचं नाही, हे मी शंभर वेळा लिहिलं होतं. मी तबकडी काखेत घेऊन उभा राहिलो. मामांनी दुसऱ्यांदा आग्रह केला नाही. वाढपी आला तेव्हा माझ्यासाठी मांडलेली पत्रावळ त्यांनी उचलून त्याच्याकडे परत दिली आणि जेवायला सुरुवात केली.

त्यांचं जेवण होईपर्यंत मी तसाच उभा होतो. मग रस्त्यावर येऊन कळमनुरीची गाडी धरली.